ध्वनिविवर्धक, घरगुती

ध्वनिमुद्रिका, ध्वनिफीत, रेडिओ इ. साधनांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत ध्वनिक्षेपक चालविण्याइतका प्रबळ करणाऱ्या व घरातील श्रवणासाठी योजलेल्या इलेक्ट्रॉनीय साधनास घरगुती ध्वनिविवर्धक म्हणतात. मूळ संकेतात स्वतःची भर न घालता व त्यातील काहीही न गाळता तो वाढविणे, या गुणास उच्च तद्रूपता किंवा हाय-फाय अशी संज्ञा आहे. हा गुण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्रपटगृहे, नभोवाणी केंद्रे व मोजके धनिक रसिक यांच्यापुरताच मर्यादित होता. पुढील सु. सत्तर वर्षांत तो सामान्य उत्पन्नाच्या नवख्या ग्राहकाच्या आवाक्यात आला. विवर्धकाच्या किमतीतील मोठा वाटा इलेक्ट्रॉनीय घटकांचा नसून लोखंड, तांबे व ॲल्युमिनियम या धातूंचा आणि कुशल हातांच्या श्रमाचा असतो. त्यामुळे विवर्धक स्वस्त होण्याचा इतिहास हा मुख्यतः एकेक जड व महाग भाग वगळण्याचा, तसेच त्यासाठी लागणारे ज्ञान सर्वांसाठी खुले होण्याचा इतिहास आहे. [⟶ इलेक्ट्रॉनीय विवर्धक].

किमतीचे मूळ : ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन अग्रांची निर्वात नलिका तयार केली, तेव्हापासून विद्युत् संकेत वाढविणे शक्य झाले. तथापि नलिका व ध्वनिक्षेपक यांचा थेट मेळ बसत नाही. नलिका उच्च विद्युत् दाबाखाली थोडा प्रवाह वाहून नेते व तिला हजारो ओहमचा भार मानवतो. याउलट ध्वनिक्षेपकाचा संरोध सामान्यतः ४ ते १६ ओहम असून त्याला कमी दाबाचा पण मोठा प्रवाह लागतो. या दोहोंची सांगड घालण्यासाठी प्रदान रोहित्र वापरावे लागे. मानवी कानाला सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. यांतील खालच्या कंप्रता रोहित्रातून नीट जाण्यासाठी उत्तम पोलादी पत्र्यांचा मोठा गाभा लागतो, तर वरच्या कंप्रतांसाठी तांब्याच्या तारेची वेटोळी अनेक भागांत विभागून एकमेकांत गुंफावी लागतात. परस्परविरोधी असणाऱ्या या दोन्ही गरजा भागविणारे रोहित्र वजनदार होते व ते गुंडाळण्यास कसबी कारागीर लागतो. त्यामुळे चांगल्या विवर्धकातील हा सर्वांत महाग भाग ठरला.

दुसरी अडचण विकृतीची होती. नलिकेतून बाहेर पडणारा संकेत मूळ संकेताचे तंतोतंत मोठे रूप नसतो. त्यात मुळात नसलेल्या कंप्रता मिसळतात. यावर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमध्ये काम करणारे हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये उपाय शोधला. दूर पल्ल्याच्या दूरध्वनी तारांवर एकामागून एक अनेक विवर्धक जोडावे लागत व प्रत्येकातील विकृती साचत जाई. ब्लॅक यांनी प्रदानाचा काही अंश उलट करून आदानाकडे परत आणला. त्यामुळे विवर्धनाचे प्रमाण घटले, पण विकृतीही त्याच प्रमाणात घटली. या युक्तीस ऋण पुनःप्रदाय म्हणतात. तिचे एकस्व त्यांना १९३७ मध्ये मिळाले. जादा विवर्धन ही एखाद-दुसऱ्या लहान नलिकेने सहज मिळणारी गोष्ट असल्यामुळे स्वस्त वस्तू खर्चून अचूकपणा ही महाग वस्तू मिळविण्याचा मार्ग या शोधाने मोकळा झाला.

विल्यम्सन विवर्धक : इंग्लंडमध्ये हॅरल्ड लीक यांच्या कंपनीने १९४५ मध्ये ०.१ टक्क्याइतकी कमी विकृती असलेला विवर्धक बाजारात आणला व त्याचे ‘पॉइंट वन’ हे नावच त्या आकड्यावरून ठेवले. हा विवर्धक तयार विकत घ्यावा लागे. १९४७ सालच्या एप्रिल व मे महिन्यांत मात्र वायरलेस वर्ल्ड या नियतकालिकात डी. टी. एन. विल्यम्सन या तरुण अभियंत्याने जवळजवळ त्याच दर्जाच्या १५ वॉट शक्तीच्या विवर्धकाचे संपूर्ण विद्युत् मंडल, घटकांची मूल्ये व प्रदान रोहित्र गुंडाळण्याचा तपशील यांसह प्रसिद्ध केले. त्यात केटी ६६ जातीच्या दोन नलिका परस्परविरुद्ध कलेत जोडीने काम करीत व रोहित्रासह सर्व टप्प्यांभोवती ऋण पुनःप्रदाय दिलेला होता.

या लेखाचे महत्त्व केवळ तांत्रिक नव्हते. तोवर कारखानदारांच्या हाती असलेली माहिती नियतकालिकाच्या किमतीत कोणाही वाचकास मिळाली. महायुद्ध नुकतेच संपले असल्यामुळे लष्कराने काढून टाकलेल्या नलिका व इतर घटक बाजारात अल्प किमतीत उपलब्ध होते आणि सैन्यात रेडिओ व रडारचे काम शिकून परतलेले तरुणही होते. अमेरिकेत डेव्हिड सार्सर व मेल्विन स्प्रिंकल यांनी १९४९ मध्ये तिकडे सहज मिळणाऱ्या ८०७ या नलिका वापरून विल्यम्सन यांच्या रचनेचे रूपांतर प्रसिद्ध केले. इंग्लंड व अमेरिकेतील उत्साही मंडळींनी आपल्या घरातील मेजावर असे विवर्धक तयार केले. एक बंधन मात्र कायम राहिले. रोहित्र निकृष्ट असेल, तर पुनःप्रदायामुळे विकृती कमी होण्याऐवजी विवर्धक स्वतःच आंदोलने निर्माण करू लागे. म्हणजे खर्च वाचविण्याच्या प्रयत्नात रोहित्राला हात लावता येत नव्हता.

सुट्या भागांचे संच : श्रमाचा खर्च कमी करण्याचा मार्ग अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बर येथील हीथ कंपनीने दाखविला. १९४७ मध्ये या कंपनीने लष्करी शिल्लक मालातील घटक घेऊन ३९.५० डॉलरला आंदोलनदर्शकाचा संच विकला. संचात सर्व सुटे भाग व ते जोडण्याच्या पायरीपायरीने दिलेल्या सूचना असत. लवकरच विल्यम्सन पद्धतीच्या विवर्धकांचे संचही हीथकिट या नावाने निघाले. कारखान्यातील जोडणीचे काम ग्राहकाकडे गेल्यामुळे किंमत उतरली. शिवाय ग्राहकास आपल्या यंत्राची अंतर्बाह्य ओळख झाली व पुढील दुरुस्ती त्याला स्वतः करता येऊ लागली.

इंग्लंडमध्ये नलिका तयार करणाऱ्या मुलार्ड कंपनीने १९५४ मध्ये पाच नलिकांचा १० वॉटचा विवर्धक ‘फाइव्ह-टेन’ या नावाने जाहीर केला. नलिकांचा खप वाढावा हा कंपनीचा हेतू होता, परंतु त्यामुळे छोट्या खोलीला पुरेसा, कमी खर्चाचा व तपासून पाहिलेला आराखडा नवख्या माणसास मिळाला. त्यातील ईएल ८४ ही लहान नलिका पुढे अनेक देशांतील रेडिओ व विवर्धकांत वापरली गेली.

याच काळात डेव्हिड हॅफ्लर व हर्बर्ट केरोज यांनी १९५१ मध्ये प्रदान रोहित्राच्या वेटोळ्यास सु. ४३ टक्के अंतरावर जोड देऊन तो नलिकेच्या आवरक जालकास जोडण्याची रचना प्रसिद्ध केली. या तत्त्वाचे एकस्व इंग्लंडमधील ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३७ मध्येच घेतले होते. या रचनेत त्रिप्रस्थ नलिकेची अल्प विकृती व पंचप्रस्थ नलिकेची अधिक शक्ती यांचा मिलाफ होतो. म्हणजे त्याच नलिकांपासून अधिक शुद्ध वॉट मिळतात. हॅफ्लर यांनी पुढे एड लॉरंट यांच्यासह फिलाडेल्फिया येथे डायनाको ही कंपनी काढली. तिचा स्टिरिओ ७० हा दोन मार्गांचा, प्रत्येकी ३५ वॉटचा विवर्धक १९५९ मध्ये संचरूपाने ९९.९५ डॉलरला मिळू लागला. त्यातील नाजूक भाग मुद्रित मंडलावर कारखान्यातच बसविलेला असे व ग्राहकास रोहित्रे, नलिकांची बैठक व उरलेल्या तारा एवढेच जोडावे लागे. तारांची मांडणी प्रत्येक नगात सारखीच राहिल्याने अननुभवी हातांनी जोडलेला विवर्धकही ठरलेल्या दर्जाचा होई. या एका नमुन्याचे तीन लाखांहून अधिक नग विकले गेल्याचे सांगितले जाते.

ट्रँझिस्टरांचा काळ : ट्रँझिस्टर हा कमी दाबाखाली मोठा प्रवाह वाहून नेऊ शकतो. त्यामुळे तो ध्वनिक्षेपकास थेट जोडता येईल, ही गोष्ट १९४७ मधील त्याच्या शोधानंतर काही वर्षांतच ध्यानात आली. १९५६ मध्ये आरसीए कंपनीतील एच. सी. लिन यांनी रोहित्र पूर्णपणे वगळणारे ट्रँझिस्टर विवर्धकाचे मंडल प्रसिद्ध केले. विवर्धकातील सर्वांत महाग भाग अशा रीतीने अनावश्यक ठरला. [⟶ ट्रँझिस्टर].

सुरुवातीस याची किंमत गुणवत्तेच्या रूपाने मोजावी लागली. या मंडलांत एक ट्रँझिस्टर संकेताचा धन अर्ध व दुसरा ऋण अर्ध पेलतो. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना पडणाऱ्या खंडामुळे संक्रमण विकृती निर्माण होते व ती हळू आवाजात अधिक खटकते. जर्मेनियमाचे ट्रँझिस्टर उष्णतेने लवकर बिघडत आणि ध्वनिक्षेपकाच्या तारा चुकून एकमेकींना टेकल्या, तर क्षणार्धात निकामी होत. स्वस्त झालेला विवर्धक कानाला कर्कश वाटतो, ही त्या काळातील तक्रार निराधार नव्हती.

ही उणीव दूर करण्याचे दोन प्रयत्न उल्लेखनीय आहेत. जे. एल. लिन्स्ली हुड यांनी एप्रिल १९६९ मध्ये वायरलेस वर्ल्डमध्येच १० वॉटच्या ‘अ’ वर्गाच्या विवर्धकाचे मंडल दिले. त्यात प्रत्येक मार्गास अवघे चार ट्रँझिस्टर होते. प्रदान ट्रँझिस्टर सतत प्रवाह वाहत असल्यामुळे संक्रमण विकृती उद्‌भवतच नाही. याची भरपाई उष्णतेने करावी लागते. संगीत चालू असो वा नसो, प्रत्येक मार्ग सु. ३० वॉट शक्ती सतत खर्च करतो व ती बाहेर टाकण्यासाठी ॲल्युमिनियमाच्या मोठ्या पट्ट्या लागतात. दुसरा प्रयत्न क्वॉड विवर्धकांचे निर्माते पीटर वॉकर यांचा होय. १९७५ मधील क्वॉड ४०५ या त्यांच्या विवर्धकात ध्वनिक्षेपकाचा मोठा प्रवाह साधे, दणकट ट्रँझिस्टर पुरवितात व त्यांच्या चुका एक लहान पण अचूक विवर्धक भरून काढतो. त्यामुळे कारखान्यात प्रत्येक नग हाताने जुळवून घेण्याची गरज संपली.

वॉटची स्पर्धा व नवखा ग्राहक : १९७० च्या दशकात जपानी व अमेरिकी उत्पादकांमध्ये वॉटच्या आकड्यांची चढाओढ लागली. क्षणभर मिळणारी शक्ती जाहिरातीत छापली जाई. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७४ मध्ये नियम करून शक्तीचा आकडा सतत मिळणाऱ्या प्रदानाचा असावा व त्याबरोबर भार, कंप्रतांचा पल्ला आणि विकृती यांचाही उल्लेख असावा, असे बंधन घातले. या नियमामुळे अल्प पैशांत खरेदी करणाऱ्यास दोन वस्तूंची प्रामाणिक तुलना करता येऊ लागली.

वस्तुतः वॉट दुप्पट केल्याने आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबेलांनी वाढते. एखादा ध्वनिक्षेपक १ वॉट शक्तीवर १ मी. अंतरावर ८८ डेसिबेल पातळी देत असेल, तर २० वॉटला ती सु. १०१ डेसिबेल होते. सामान्य आकाराच्या खोलीत एवढी पातळी पुरेशीच नव्हे, तर फार वेळ सोसवणारी नसते. मात्र ध्वनिक्षेपकाचा संरोध काही कंप्रतांना खूप खाली येतो व त्या क्षणी विवर्धकास नेहमीपेक्षा बराच अधिक प्रवाह द्यावा लागतो. मोठा आकडा मिरविणारे अनेक विवर्धक याच ठिकाणी कमी पडत.

हे ओळखून एरिक एडवर्डसन या नॉर्वेजियन अभियंत्याने नॅड कंपनीसाठी ३०२० हा विवर्धक तयार केला. तो १९७८ मध्ये बाजारात आला. त्याची नोंदलेली शक्ती दर मार्गास केवळ २० वॉट होती. पण अवघड ध्वनिक्षेपकास तो थोड्या वेळापुरती तिच्या कितीतरी पट शक्ती देऊ शके. चकचकीत धातूची तबके व काटे असलेली मापके वगळून दर्शनी भाग साधा ठेवला होता, जुळणी तैवानमध्ये होई आणि वाचलेला पैसा शक्तिपुरवठ्यावर खर्च केला होता. पूर्वविवर्धक व शक्तिविवर्धक हे भाग वेगळे करता येत असल्यामुळे पुढे ऐपत वाढल्यावर जुने टाकून न देता त्यात भर घालता येई. इंग्लंडमध्ये शंभर पौंडांहून कमी किमतीला मिळणाऱ्या या विवर्धकाची जगात सर्वाधिक खपलेल्या विवर्धकांमध्ये गणना होते. ‘आरंभिकांसाठी’ म्हणजे ‘निकृष्ट’ नव्हे, हे त्याने बाजारास पटवून दिले.

संकलित मंडले व ‘ड’ वर्ग : पुढच्या टप्प्यात संपूर्ण विवर्धकच सिलिकॉनच्या एका कपचीवर सामावला. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम ३८७५ व एलएम ३८८६ ही संकलित मंडले थोड्याशा बाह्य रोधक-धारित्रांच्या साहाय्याने सु. ५० वॉट शक्ती अल्प विकृतीने देतात. १९९९ मध्ये ४७ लॅबोरेटरी या जपानी कंपनीने याच जातीच्या मंडलावर आधारलेला विवर्धक शक्तिपुरवठ्यासह हजारो डॉलरांना विकण्यास काढला. काही डॉलरला मिळणाऱ्या मंडलापासून तो तयार होतो हे कळताच जगभरच्या हौशी मंडळींनी त्याच्या प्रतिकृती घरी बनविल्या. [⟶ संकलित मंडले].

उरलेला धातू मुख्यतः उष्णता बाहेर टाकण्यासाठी व वीज पुरवठ्याच्या रोहित्रासाठी लागत होता. ‘ड’ वर्गाच्या विवर्धकाने हाही प्रश्न बव्हंशी सोडविला. यात ट्रँझिस्टर एक तर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद असतो. सेकंदाला लाखो वेळा होणाऱ्या या उघडझापीतील स्पंदांची रुंदी संकेतानुसार बदलते व शेवटी गाळणीतून मूळ तरंग परत मिळतो. अर्धवट चालू अवस्थेतील अपव्यय टळल्यामुळे कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते व उष्णता फारशी निर्माण होत नाही. या तत्त्वावरील संच इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने १९६४ मध्येच विकला होता. परंतु त्या काळचे ट्रँझिस्टर पुरेसे वेगवान नसल्यामुळे तो यशस्वी झाला नाही.

बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले आद्य त्रिपाठी यांनी अमेरिकेत १९९५ मध्ये ट्रायपाथ कंपनी स्थापिली. तिच्या संकलित मंडलांनी ‘ड’ वर्गाच्या ध्वनीविषयीचे प्रतिकूल मत बदलले. २००५ च्या सुमारास त्यांपैकी एका मंडलावर चालणारा प्लॅस्टिकच्या डब्यातील छोटा विवर्धक सु. ४० डॉलरला मिळू लागला व त्याची तुलना कितीतरी महाग यंत्रांशी होऊ लागली. कंपनी स्वतः मात्र २००७ मध्ये दिवाळखोरीत निघाली. बेल्जियन अभियंते ब्रूनो पुट्झेस यांनी फिलिप्स व नंतर हायपेक्स या कंपन्यांत पुनःप्रदायाचे तत्त्व ‘ड’ वर्गास नव्या रीतीने लावून विकृती मोजण्याच्या सीमेपर्यंत खाली आणली. उच्च कंप्रतेवर चालणाऱ्या शक्तिपुरवठ्यामुळे वीज पुरवठ्याचे जड रोहित्रही तळहातावर मावेल एवढे झाले.

भारतातील परिस्थिती : भारतात १९९१ पर्यंत आयातीवरील निर्बंध व जबर करांमुळे परदेशी विवर्धक सामान्य रसिकास दुर्लभ होता. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी नलिका व जर्मेनियम ट्रँझिस्टर यांचे उत्पादन सुरू केले, तेव्हा देशी घटक मिळू लागले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड व पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली या बाजारांत सुटे भाग घेऊन विवर्धक जोडणारे कारागीर व विद्यार्थी यांचा राबता वाढला. २ एन ३०५५ हा ट्रँझिस्टर व पुढे एलए ४४४० हे संकलित मंडल यांवर आधारलेल्या विवर्धकांनी घरांबरोबरच उत्सवांच्या मांडवांतही आवाज पुरविला. यांतील बहुतेक यंत्रे उच्च तद्रूपतेच्या कसोटीस उतरणारी नव्हती, कारण रोहित्र व शक्तिपुरवठा यांवर काटकसर होई. तथापि जोडणीचे शिक्षण अनेकांना त्यांतूनच मिळाले.

किंमत व गुणवत्ता : विवर्धक एका विशिष्ट दर्जापर्यंत पोहोचल्यावर त्यापुढील किंमत कानाला जाणवते काय, हा वाद जुना आहे. १९७८ मध्ये जेम्स मॉयर यांनी पीटर वॉकर यांच्या सूचनेवरून नलिकांचा क्वॉड २ आणि ट्रँझिस्टरांचे क्वॉड ३०३ व ४०५ यांची, कोणता विवर्धक चालू आहे हे श्रोत्यांना न कळू देता, तुलना केली. योगायोगाने जेवढे बरोबर ठरावे, त्यापेक्षा अधिक वेळा श्रोत्यांना त्यांतील भेद ओळखता आला नाही. चाचणी उत्पादकाच्याच यंत्रांची होती व ती सर्व आपापल्या मर्यादेत चालविली होती, हे लक्षात घेतले तरी तिचा निष्कर्ष नवख्या ग्राहकास महत्त्वाचा आहे. शक्ती पुरेशी व विकृती अल्प असेल, तर उरलेला पैसा ध्वनिक्षेपक व खोलीची मांडणी यांवर खर्च करणे अधिक फलदायी ठरते.

एकविसाव्या शतकातही अतिशय महाग विवर्धक तयार होतात. त्यांची किंमत बरीचशी जाड धातूची पेटी, अल्प संख्येतील उत्पादन, विक्रेत्यांचा वाटा व प्रतिष्ठा यांमुळे वाढते. अमेरिकेतील नेल्सन पास हे अशाच महाग विवर्धकांचे निर्माते आहेत. पण त्यांनी आपली अनेक मंडले हौशी वाचकांसाठी प्रसिद्ध केली आणि पूर्वी कधी डाख न लावलेल्या लोकांना एका दिवसात जोडता येईल असा छोटा ‘अ’ वर्गाचा विवर्धकही आखून दिला. विल्यम्सन यांच्या १९४७ मधील लेखापासून चालत आलेली परंपरा अशा प्रकारे टिकून आहे. रोहित्र, नलिका व उष्णता यांवरील खर्च तंत्रज्ञानाने कमी केला. परंतु ते तंत्रज्ञान कोणी उघड करून सांगितले तेव्हाच त्याचा लाभ प्रथमच विवर्धक घेणाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचला.